घरात बाळ आहे

बस वळणावरून येताना दिसली आणि त्याच क्षणी माझ्या मनात एक शब्द आला. ढकल. कोणी म्हटला नाही, आवाज नव्हता, राग नव्हता. ‘दूध संपलंय’ हे जसं आपलं आपल्याला रस्त्यात आठवतं, तितक्या साधेपणाने तो आला. माझे दोन्ही हात बाबागाडीच्या दांड्यावर होते. गाडीत जोना झोपलेला, अकरा आठवड्यांचा, टोपी एका डोळ्यावर घसरलेली. मी एक हात सोडून थांब्याचा लोखंडी खांब धरला, मग दुसराही सोडला, मग लगेच घाबरून गाडीचं चाक पायाने अडवलं, आणि तशीच वाकडीतिकडी उभी राहिले. बस थांबली. दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, चढायचंय का बाई, की खांब सोडवत नाहीये? मागच्या दोन म्हाताऱ्या हसल्या. मीही हसले. मी हसले हे मला नंतर फार वेळा आठवलं. बस गेल्यावर मी वाकून जोनाची टोपी सरळ केली आणि पाहिलं, माझा हात अजिबात थरथरत नव्हता. थरथरला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी बाबागाडी ढकलत नाही, ओढते. गाडी मागे, मी पुढे. शेळी बाजारात न्यावी तशी. चढ चढताना खांदे भरून येतात, फुटपाथवरून उतरताना चाकं टाचांना लागतात, पण रस्त्याच्या कडेला आधी मी असते. गॅरेथने एका रविवारी विचारलं की घोडा गाडीच्या पुढे का जुंपलास, टॅम? मी म्हटलं, वारं समोरून येतं, त्याच्या तोंडावर नको. आमच्या टेकडीवर वारं सगळीकडून येतं, त्यामुळे हे कोणालाही पटतं. गॅरेथला पटलं. तो सकाळी सातच्या गाडीने लीड्सला जातो आणि संध्याकाळी सात वाजता दमून येतो. त्याला जे सांगावं ते पटतं, आणि याबद्दल मी त्याच्यावर मनातल्या मनात इतकी रागावते की कधी कधी बोलणंच बंद करते. मग तो चहा करून आणतो. त्याला वाटतं, की चहाने माणूस बोलायला लागतं.

आम्ही राहतो ती जागा पूर्वी वेड्यांचं इस्पितळ होती. यात आमच्या गावी कोणाला काही वाटत नाही. माझ्या लहानपणी शाळेत पोरं एकमेकांना चिडवायची, तुला टेकडीवर नेऊन घालतील, आणि आता त्याच टेकडीवर घर मिळालं म्हणून लोक पेढे वाटल्यासारखे केक वाटतात. दगडी भिंती हातभर जाड. खिडक्या उंच, आणि वरून जेमतेम वीतभरच उघडतात. घर दाखवणारा पोरगा म्हणाला होता, लहान मुलांसाठी किती सुरक्षित बघा. जोना तेव्हा पोटात होता. मी आणि गॅरेथ एकमेकांकडे बघून हसलो होतो, कारण आम्हाला माहीत होतं त्या खिडक्या तशा का आहेत. मी इतिहास शिकलेय. मला सगळं माहीत असतं.

म्हणूनच रहिवाशांच्या मंडळाने ते काम माझ्या गळ्यात घातलं. इमारतीला दीडशे वर्षं होणार, तर खाली दरवाज्याजवळ एक माहितीफलक लावायचा आणि एक छोटी पुस्तिका छापायची. मंडळाचे अध्यक्ष मिस्टर प्रिडो निवृत्त दंतवैद्य आहेत, आणि माणसाला तोंड उघडायला लावून स्वतः बोलत राहायची त्यांची सवय गेलेली नाही. ते म्हणाले, क्रिकेटचा संघ घाल, बँड घाल, गुरुवारचा नाच घाल. खुनी बायका होत्या ना इथे? त्याही घाल, लोकांना आवडतं. पण जरा गोड करून. मी हो म्हटलं. सुट्टीवर होते, डोकं गंजत होतं, आणि मंगळवारी-गुरुवारी सकाळी सासूबाई जोनाला सांभाळायला तयार होत्या. खरं कारण मला तेव्हाच माहीत होतं. आठवड्यातून दोनदा तीन तास माझे हात त्याच्यापासून दोन मैलांवर असणार होते.

जिल्ह्याच्या दप्तरखान्यात मिस्टर ऑल्डरिज बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. म्हणाले, इथे शाई फक्त मेलेल्यांची. मग त्यांनी उशीवर ठेवून एकेक रुग्णवही आणून दिली, मूल पाळण्यात ठेवावं तशी, आणि मी वाचायला लागले. गुन्हा करून आलेल्या बायकांचा विभाग वेगळा होता. पूर्वेकडच्या टोकाला, वरचा मजला. आमचं घर पूर्वेकडच्या टोकाला वरच्या मजल्यावर आहे. त्या सकाळी साडेसहाला उठत. रात्री झोपताना अंगावरचे सगळे कपडे घडी करून दाराबाहेर ठेवायचे, बूट, लेस, केसांतल्या पिनासुद्धा. सकाळी राखणदारीण ते परत देई. जेवायला सुरी नाही, शिंगाचा चमचा. दुपारी पाव, चीज आणि पातळ बिअर. मग धुणंघर किंवा शिवण, आणि संध्याकाळी सुया मोजल्या जात. एक कमी भरली तर सापडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. एकदा वीस बायका चार तास बसून होत्या आणि सुई निघाली राखणदारणीच्याच एप्रनमध्ये. हे मी पुस्तिकेसाठी उतरवून घेतलं, मिस्टर प्रिडोंना गोड वाटेल म्हणून. फाडता येऊ नयेत म्हणून जाड गादीच्या कापडाचे झगे होते. गुरुवारी नाच होता. पुरुषांच्या बाजूने बँड यायचा, आणि नवऱ्याचा गळा चिरलेली बाई दुकान जाळलेल्या बुवाबरोबर गोल गोल फिरायची, डॉक्टर खुर्चीवर बसून ताल धरायचे. मला वाटलं होतं साखळ्या असतील. साखळ्या नव्हत्या. सगळीकडे फक्त मोजणं होतं आणि बघणं होतं. कोणीतरी सतत बघत होतं. वाचताना माझ्या मानेवर काटा यायचा, आणि तो भीतीचा नाही हे ओळखायला मला बरेच दिवस लागले. तो हेव्याचा होता.

केझिया थ्वेट मला तिसऱ्या आठवड्यात सापडली. वहीत तिचा फोटो चिकटवलेला. काळा झगा, पांढरी टोपी, आणि दोन्ही हात छातीवर पसरून ठेवलेले. सगळ्याच बायकांचे हात असे दिसतील असे ठेवत. वय तेहतीस, विणकऱ्याची बायको, सात आठवड्यांचा मुलगा, सोमवार, धुण्याचा दिवस. पुढची ओळ मी वाचली आणि पुन्हा वाचली नाही. धुण्याच्या पाण्याचं तपेलं होतं इतकंच लिहिते. शेजारीण आली तेव्हा केझिया उरलेलं धुणं पिळून दोरीवर घालत होती, आणि शेजारणीला म्हणाली, आज वाळेल बहुतेक. न्यायालयाने तिला दोषी धरलं नाही. वेडाच्या भरात केलं, म्हणून राणीची मर्जी असेपर्यंत ठेवायचं ठरलं. राणीची मर्जी केव्हा संपणार हे कोणालाच ठाऊक नसायचं, बहुधा राणीलाही. दोन महिन्यांत तिचं वेड ओसरलं. डॉक्टरांनी तसं लिहिलंय: शांत, उद्योगी, शुद्धीवर. आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी एक नोंद, वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या शाईत. बदल नाही. बदल नाही. बदल नाही. छत्तीस वर्षं. मी पानं उलटत गेले आणि मध्येच माझ्या लक्षात आलं, की मी त्या नोंदी वाचत नाहीये. तिचं कोणत्या आठवड्यापर्यंत सगळं ठीक होतं, हे शोधतेय. जोना त्या दिवशी चौदा आठवड्यांचा होता. तिचा सातचा. म्हणजे आपण दुप्पट टिकलो, असं मला वाटलं, आणि मग ‘टिकलो’ या शब्दाशी अडखळून मी वही मिटली.

घरी आले तेव्हा सासूबाई जोनाला मांडीवर घेऊन टीव्हीवरची घोड्यांची शर्यत बघत होत्या. ब्रेंडा, म्हणजे सासूबाई, थोराड बाई आहे, चार मुलं वाढवलेली, आणि हात इतके सराईत की मूल तिच्या अंगावर कोटासारखं बसतं. ती म्हणाली, आलीस का, वेड्यांच्यातून? मग जोनाच्या हनुवटीची लाळ पुसत म्हणाली की त्या आरोग्यसेविकेचा फोन होता, पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी येणार आहे, तो कागद घेऊन. “आमच्या वेळी असं विचारायला कोणी येत नव्हतं, पोरी. म्हणून आम्ही बऱ्या होतो.” मी म्हटलं, खरंय. तिने जोनाला माझ्याकडे दिलं. मी घेतलं. दरवेळी घेताना मी आधी बसते, हे तिच्या लक्षात आलंय का, मला कळत नाही. मी बसते, मांडीवर उशी घेते, मग हात पुढे करते. दुरून ते फार काळजीचं दिसत असेल.

तो कागद मी एकदा भरलाय, बाराव्या आठवड्यात. दहा प्रश्न. हसू येतं का, पुढच्या दिवसांची उत्सुकता वाटते का, विनाकारण भीती वाटते का. प्रत्येकाखाली चार पर्याय. मी आयुष्यात कुठल्याच परीक्षेत मार्क घालवलेले नाहीत. कुठल्या खुणेला किती गुण आणि किती गुणांच्या वर फाइल उघडते हे मी आदल्या दिवशीच शोधून ठेवलं होतं. मॉरीन, म्हणजे ती आरोग्यसेविका, तेव्हा जोनाचं वजन करत होती, आणि माझ्याकडे पाठ होती तिची. सगळ्या बरोबर खुणा करताना मला वाटत होतं, हिने आत्ता वळावं. माझं तोंड बघावं. मी काहीच न सांगता हिला कळावं. तिने वळून कागद घेतला, म्हणाली, छान चाललंय तुझं, आणि गेली. दारापर्यंत मी तिला पोचवायला गेले, आणि जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली तशी मी मनात म्हणत राहिले, परत ये, परत ये, आणि दार लावून घेतलं. सांगितलं तर काय होतं हेही मला माहीत होतं, किंवा मला वाटत होतं की माहीत आहे. सकाळी दोन माणसं येतात. फार सौम्य बोलतात. मग पाळणा रिकामा असतो आणि लोक म्हणतात, त्याच्या भल्यासाठीच. आणि न सांगितलं तर? तर काहीच होत नाही. सोमवारपर्यंत.

आंघोळ गॅरेथ आल्यावरच. हा माझा नियम. ‘बापलेकांचा वेळ’ असं त्याला नाव दिलंय मी. त्या गुरुवारी गॅरेथ स्टेशनवरून उशीर होईल म्हणाला, आणि जोना इतका घाण झाला होता की थांबता येईना. मी टबमध्ये चार बोटं पाणी घेतलं, चारच, मोजून. एका हाताने त्याची मान धरली. त्याला पाणी आवडतं. तो दोन्ही पायांनी पाणी उडवतो आणि मग स्वतःच दचकून माझ्याकडे बघतो, की हे कोणी केलं? मी त्याच्याकडे बघून हसले, आणि शब्द आला. सोड. तेवढाच. मी त्याला पाण्यातून काढलं, साबण तसाच अंगावर, आणि पलंगाच्या मधोमध ठेवलं, चारी बाजूंनी उशा लावल्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. तो ओरडत होता. गारठला होता. मी तिथून त्याच्यासाठी गाणं म्हणत होते. गॅरेथ आला तेव्हा असं दृश्य होतं, आणि मी म्हटलं, माझ्या पाठीत चमक भरली. त्याने जोनाला टॉवेलात गुंडाळलं आणि दुसऱ्या हाताने माझी पाठ चोळून दिली. कुठे दुखतंय, इथे? मी म्हटलं, हो. मग म्हटलं, जरा खाली. मी त्याला दुखण्याची जागा दाखवत राहिले. नसलेल्या दुखण्याची जागा इतकी नेमकी दाखवता येते.

केझियाच्या सुटकेचा अर्ज मला त्यानंतरच्या मंगळवारी सापडला. नवऱ्याने, इनॉकने, केलेला. पाच वर्षं झाली होती, डॉक्टर अनुकूल होते, अशा बायका नवऱ्याच्या हवाली केल्याची उदाहरणं त्याच वहीत होती. कचेरीतून एक छापील कागद यायचा: घर कसं आहे, दारू पितोस का, तिच्यावर लक्ष कोण ठेवेल, घरात आणखी कोण राहतं. इनॉकचं अक्षर मोठं आणि गोल, जीभ बाहेर काढून लिहिल्यासारखं. पहिल्या तीन प्रश्नांना त्याने जपून उत्तरं दिलीत. आणि चौथ्याला: ‘माझी पुतणी सेलीना आणि तिचा नवरा. देवाच्या कृपेने घरात बाळ आहे, दोन महिन्यांचं, त्यामुळे केझियाला करमेल.’ त्या ओळीखाली कोणीतरी लाल रेघ ओढलीये. समासात एकच शब्द, नामंजूर. मी मोठ्याने ‘अरे मूर्खा’ म्हणाले. मिस्टर ऑल्डरिजनी चष्म्यावरून पाहिलं. मी त्यांना ती ओळ दाखवली. ते म्हणाले, असल्या घरात सोडतच नसत, पण त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याला वाटलं भरलेलं घर दाखवावं. एका ओळीने एकतीस वर्षं गेली बाईची. मग आम्ही दोघं थोडा वेळ त्या बाईसाठी हळहळलो. फलकावर ही गोष्ट घालायची असं मी ठरवलं. ती गोड नव्हती, पण तिला आकार होता.

दोन दिवसांनी, गुरुवारी, ऑल्डरिजनी स्वतःहून आणखी एक वही काढून ठेवली होती. गुन्हेगार रुग्णांची पत्रं बाहेर जाण्याआधी कारकून तिच्यात नक्कल उतरवून घेई. तुमच्या बाईची आठ आहेत, म्हणाले. पहिली तीन हवामानाची आणि पायमोज्यांची. चौथ्यावरची तारीख अर्जाच्या अकरा दिवस आधीची होती.

‘माझ्या प्रिय इनॉकला. सेलीनाचं बाळंतपण नीट झालं हे वाचून आनंद झाला. तुम्ही अर्ज करणार आहात, तर त्यात बाळाचं जरूर लिहा. विसरू नका. इथल्या मोठ्या लोकांना भरलेलं घर आवडतं. मी असं सांगितलं हे मात्र कोणाला बोलू नका, त्यांना वाटेल मी शिकवलं. तुमची केझिया.’

मी ते सगळं एकदा वाचलं आणि मग मागे गेले, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, कारण मला काहीतरी आठवत होतं. हॅना पिकर्सगिल. धुणंघरात केझियाच्या शेजारच्या पिंपावर काम करणारी. तिचा अर्ज नामंजूर, कारण बहिणीच्या घरात तान्हं मूल. म्हणजे केझियाला नियम माहीत होता. हॅना तिच्या शेजारी उभी राहून रडली असणार, वाफेत, हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि केझियाने ते ऐकून घडी करून ठेवलं असणार. खोलीत कोणीतरी खोकलं. मला एकदम ती फार जवळ वाटली, तिच्या ओल्या कपड्यांचा वास येईल इतकी. शांत, उद्योगी, शुद्धीवर. डॉक्टर बदलत होते आणि लिहीत होते, बदल नाही, आणि ती एकटीच आत कुठेतरी रोज बघत होती, आहे का अजून, आलाय का शब्द. आणि कोणालाही सांगू शकत नव्हती, कारण सांगितलं तर वेडी ठरणार आणि न सांगितलं तर सोडणार. म्हणून तिने नवऱ्याच्या हातून सांगितलं. त्या साध्या माणसाला आयुष्यभर वाटत राहिलं असेल की आपल्यालाच अर्ज लिहिता आला नाही. तो दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचा, मरेपर्यंत, शहाजिऱ्याचा केक घेऊन. ती त्याच्यासमोर बसून तो केक खायची. हे सगळं मी पेन्सिलने उतरवून घेतलं नाही. ऑल्डरिजनी विचारलं, सापडलं काही? मी म्हटलं, पायमोजे.

त्याच दुपारी मॉरीन आली. सासूबाई कोट घालून निघतच होत्या. जाता जाता म्हणाल्या की बघा हो, पोर कसं लोण्यासारखं झालंय, आईच वाळतेय. मॉरीन साठीची असेल, गुडघे दुखतात तिचे, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तरुण बायकांबद्दल तिला तक्रार आहे. तिने जोनाला तोललं, उलटं केलं, सरळ केलं, आणि खांद्यावर टाकून तशीच खोलीत फिरत राहिली. मी कागद भरला. दहाच्या दहा. हात मुळीच थरथरला नाही. तिने एका हाताने कागद घेतला, नजर फिरवली, म्हणाली, मागच्यासारखंच, काही बदल नाही, आणि पिशवीत घालायला लागली.

“यात एक प्रश्न नाहीये,” मी म्हटलं.

“कोणता गं?”

“मी त्याला काही करेन का, हा.”

ती थांबली नाही. हे मला विशेष वाटलं. जोनाच्या पाठीवर तिचा हात तसाच पडत राहिला, हळूहळू. तिने विचारलं, असं वाटतं का तुला? मी म्हटलं, वाटत नाही, येतं. एकेक शब्द येतो. ढकल. सोड. रोज. बस येताना, पाणी काढताना, जिन्याच्या तोंडाशी. मी त्याला पुढे धरून जिना उतरत नाही. मी गाडी ओढते. मी बसल्याशिवाय त्याला घेत नाही. मी बोलत होते आणि माझा आवाज मला दप्तरखान्यात वाचून दाखवल्यासारखा लागत होता, तारीखवार. कधी केलंस काही, तिने विचारलं. नाही. करावंसं वाटलं? मी म्हटलं, नाही, पण तिलाही वाटलं नसेल. कोणाला, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, नवऱ्याला माहीत आहे? मी नकारार्थी मान हलवली.

“मला एक फोन करावा लागेल, टॅम्सिन. डॉक्टरांना. आज कोणीतरी येऊन तुझ्याशी बोलेल. खोटं सांगत नाही, पुढे काय ते मी एकटी ठरवत नसते. पण तू बोललीस. अशा पुष्कळ जणी मी पाहिल्यात, आणि बोलणारीचं घर सहसा मोडत नाही.”

सहसा, मी मनात म्हटलं. मग तिने खांद्यावरून जोनाला काढलं. मला वाटलं ती त्याला घेऊनच आत जाईल. तिच्या जागी मी असते तर गेले असते. ती माझ्यापर्यंत आली, मी उभी होते, मांडी नव्हती, उशी नव्हती, आणि तिने त्याला माझ्या हातांत ठेवलं. त्याची मान माझ्या कोपराच्या खळग्यात आली. गरम, जड, जरा आंबूस. ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं, पुरतं लावलं नाही.

मी उभीच राहिले. खिडकी उंच, बाहेर नुसतं आभाळ. मी फोनची वाट पाहिली, तिच्या बोलण्याची. बोलणं ऐकू आलं नाही. खुर्ची सरकली नाही, नळ सोडला नाही. एकदा फक्त फरशीवर बूट घासल्याचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळ, आणि मग तोही नाही. म्हणजे ती पलीकडे उभी होती. फटीशी. ती ऐकत होती आणि मी तिचं ऐकणं ऐकत होते, आणि मध्ये जोना नाकातून बारीक शीळ वाजवत झोपत होता. मला राग यायला हवा होता. मी रागाची वाट पाहिली. शब्द येतो का, तेही पाहिलं. बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली असावी. तिचे गुडघे दुखतात.

“मॉरीन,” मी म्हटलं, त्याला जाग येऊ नये इतक्या हळू, “ते दार पूर्ण उघडं ठेवाल का?”

मग दार उघडलं. ती तिथेच उभी होती, हातात फोन, अजून न लावलेला, आणि तिने नजर दुसरीकडे वळवली नाही. मीही नाही. माझ्याकडे बघत बघतच तिने नंबर लावला.